सव्वा महिना

रेणापूर,
रविवार, दि. ८ फेब्रुवारी २०२६

चि. मनस्विनीस,

तारामतीचा आशीर्वाद. नावाआधी सौ. लिहायला पेन टेकवलं आणि तसंच उचललं. सोळा तारखेपर्यंत तू सौ. आहेस, पुढचं मला सांगता येत नाही. म्हणून नुसतं चिरंजीव लिहिलं. ते काही कुठल्या कोर्टाला खोडता येत नाही.

इकडं सगळं बरं आहे. आमच्या व्याह्यांचा, रेणुकादासरावांचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंना, विनीताताईंना म्हणावं, साखर सांभाळा, लग्नाच्या जेवणावळी सुरू झाल्यात. हरभऱ्याला घाटे चांगले धरलेत. तू जिला मॅडम म्हणायचीस ती म्हैस संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी व्याली. रेडी झाली. कपाळावर पांढरा ठिपका आहे. खरवस केला, शेजारी शांतम्माकडं वाटी दिली, गुरुपादप्पाकडं दिली. हरिओमनं बोट सुद्धा लावलं नाही. तो लातूरला क्लासवर जाताना डबा नेतो आणि येताना तसाच आणतो. विचारलं की म्हणतो, 'पोरांनी खाऊ घातलं.' आता कुठली पोरं रोज मास्तराला खाऊ घालतात?

मला लिहायला वेळ लागतो, तुला ठाऊक आहे. दुसरीतून शाळा सुटली. पुढचं वाचणं किराणाच्या पुड्यांच्या कागदांवरून आलं. साखरेचा पुडा सोडला की कागद हातानं सपाट करायचा आणि वाचायचा. गोष्ट नेहमी अर्ध्यात फाटलेली असायची, मग पुढचं मी मनानंच लावायची. ती खोड जन्माची लागली. अर्धं दिसलं की उरलेलं मनानं लावायचं, आणि तेच खरं म्हणून चालायचं.

फोन तीनदा केला. तिन्ही वेळा विनीताताईंनी उचलला. 'ती क्लासवर गेली आहे,' म्हणाल्या. त्यांचा राग नाही. मी त्यांच्या जागी असते तर फोन आपटला असता. शेवटी म्हटलं, कागद तरी कुणी दारातून हाकलत नाही. उद्या सकाळी हे पोस्टात देते, स्पीडनं. दोन-तीन दिवसांत मिळेल असं पोस्टातला सांगतो. मिळालं तर टाकू नको, पोरी. पाया पडते, सगळं वाच.

पारावर गुरुपादप्पा बसतो आणि सगळ्यांना सांगतो, 'हल्ली लग्नं मोबाइलनं मोडाय लागलीत. पोरी शिकल्या, सोसंना झालं.' पूर्वी मी पण मान हलवायची. आता हलत नाही. तुमचं लग्न कशानं मोडलं ते या गावात एकट्या मलाच ठाऊक आहे. तुलाही नाही. तेच लिहायला बसले आहे आणि म्हशीचं लिहीत राहिले.

तर ऐक.

तू घरात आलीस तेव्हा नांदेडची, शिकलेली, वेगळ्या घरची, त्यात दोघांनी एका क्लासवर शिकवता शिकवता आपापलं ठरवलेलं. मला वाटलं होतं, ही आपल्यात टिकायची नाही. टिकलीस. आणि हरिओम कसा झाला होता! गल्लीच्या तोंडापासून 'मनूऽ' म्हणून हाक मारत यायचा. तू न्हालीस की ओट्यावर बसून तुझे केस पुसायचा. जेवताना पहिला घास तुझ्या तोंडाशी. मी बघितलं की तू लाजून मागं सरायचीस, तो मात्र म्हणायचा, 'आईला बी देतो की, आ कर आई.' मी म्हणायची, 'शरम न्हाई का रं? बायकूचा नंदीबैल झालास!' शांतम्मा भिंतीवरनं बघायची आणि हसायची.

दर शनिवारी मी मीठ-मोहऱ्या-मिरच्या तुमच्या दोघांवरून उतरायची. ते तुला आठवत असेल. तू म्हणायचीस, 'आई, अजून एक मिरची टाका. यांना खोकला आला तर तेवढा वेळ तरी गप्प बसतील.' किती हसलो होतो आपण. पण मी त्या मिरच्या गमतीनं जाळत नव्हते, मनू. मला लई भ्या वाटत होतं.

कशाचं, ते तुला कधी सांगितलं नाही. हरिओमच्या वडलांचं नाव व्यंकट. मी ते तोंडानं कधी घेतलं नाही, आज कागदावर पहिल्यांदा लिहिते. आमचं घर मोठं होतं. सासूपुढं नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. हे शेतातून आले की उपरण्याच्या टोकाला बोरं बांधून आणायचे आणि जात्याजवळच्या भिंतीतल्या दिवळीत ठेवायचे. पहाटे दळायला बसले की माझ्या हाताला लागायची. कधी पेरू, कधी गुळाचा खडा. कुणाला कळलं नाही. सात वर्षं असं चाललं. मला वाटतं तेवढी माया पुढं मी कुठं बघितली नाही.

मग माळेगावच्या जत्रेत गेलो. हरिओम तीन वर्षांचा होता, खांद्यावर. कासाराच्या पालापुढं आम्ही बायका बांगड्या भरत होतो. ह्यांना काय झालं कोण जाणे, पुढं आले, कासाराला म्हणाले, 'सर बाजूला, मी भरतो.' आणि चारचौघांत माझा हात हातात घेऊन एकेक बांगडी चढवली. एकही फुटली नाही. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शांतम्मा म्हणाली, 'नजर लागंल गं बाई, झाका!' मी त्या दिवशी जमिनीवर चालत नव्हते.

अडीच महिन्यांनी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून हे गेले.

डॉक्टरानं वायर कुजकी होती म्हणून सांगितलं. लाइनमननं तेच सांगितलं. पण मला अर्धाच कागद दिसला होता, उरलेला मी मनानं लावला. सात वर्षं झाकून ठेवलं तोवर माणूस होतं, एक दिवस उघडं केलं आणि गेलं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकत बसले, तीस वर्षं.

आता पुढचं.

तुला चौथा लागला तेव्हा हरिओमनं तो सोनोग्राफीचा फोटो फोनच्या स्टेटसला लावला. पाचवा सरल्याशिवाय आपल्यात कुणाला सांगत नाहीत. मी बोलले त्याला. तो म्हणाला, 'आई, आनंद झाला तर लपवायचा कशाला?' दोन दिवसांत सगळ्या रेणापुराला कळलं. आणि मग पाचव्यात ते पोटातलं गेलं.

दवाखान्यात तू भिंतीकडं तोंड करून पडली होतीस. हरिओम तुझ्या पायाशी बसून होता, तुझी पावलं हातात धरून. मी दारातून बघितलं आणि माझ्या मनानं घेतलं: आता हिची पाळी. आता ही जाईल. या दोघांना आवरलं नाही तर ही जाईल.

विनीताताई तुला नांदेडला घेऊन गेल्या, त्या दुपारी मी देवीला गेले. नवस बोलले. सव्वा महिना ही दोघं एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, आवाज ऐकणार नाहीत. पोरगी वाचू दे, घर भरू दे. आणि नवस फिटेपर्यंत बोलून दाखवायचा नाही, बोलला की मोडतो, हे तर पोराटोरांनाही ठाऊक असतं. घरी आले. हरिओम बॅग भरत होता, तुझ्याकडं यायला.

मी म्हणाले, 'जायचं न्हाई.'

'म्हणजे? आई, ती एकटी हाय तिथं.'

'आई-बाप हायेत तिचे. सव्वा महिना तिचं तोंड बघायचं न्हाई, आवाज ऐकायचा न्हाई. अन् का, ते तिला सांगायचं न्हाई.'

'आई, हा येडेपणा हाय.'

'तुझा बाप ह्याच येडेपणावर हसला होता,' म्हणाले मी. हे खोटं होतं. ह्यांना मी कधी काही बोललेच नव्हते. पण त्या वेळी मला जे हाताला लागलं ते मी मारलं. त्याचा हात धरला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. 'म्हण शपथ. न्हाईतर माझं मढं बघशील.'

त्यानं बॅगेतले कपडे एकेक करून काढले आणि कपाटात घडी घालून ठेवले. रडला नाही. मला वाटलं, बरं झालं, समजलं पोराला.

तुला वाटलं असेल, फोन करायला काय झालं होतं. आवाज ऐकायचा नव्हता ना. 'जेवलीस का', 'काळजी घे', एवढंच लिहून पाठवायचा. तू उत्तर देत नव्हतीस. आणि मग एक दिवस तू दिलंस. मी चुलीपुढं होते. त्यानं येऊन फोन माझ्यापुढं धरला. म्हणाला, 'वाच.' काचेवर तुझं एकच अक्षर होतं. ये.

मनू, एवढं मला वाचता येतं. त्याला काना नाही, वेलांटी नाही, दुसरीच्या पोरालाही येईल. मी ते वाचलं. आणि म्हणाले, 'अजून अकरा दिवस.'

हे लिहायला मला चार दुपारी लागल्या. कागद फाडायची, पुन्हा घ्यायची.

तू परत आलीस तेव्हा आधीची तू नव्हतीस. तो पण नव्हता. तुझ्या पुढ्यात यायचा आणि खाली बघायचा, चोरी केल्यासारखा. नवस फिटला होता, पण आता त्याचं तोंडच उघडेना. तू एक दिवस भांडी विसळत होतीस. मला म्हणालीस, 'आई, एक विचारू? ते का आले नाहीत हो?'

माझ्या हातात सगळं होतं तेव्हा. एक वाक्य पुरलं असतं. शपथ माझी, नवस माझा, पोर माझं. मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. मी म्हणाले, 'पुरुषाचं काळीज तसंच असतंय गं. त्यांना ह्यातलं कळत न्हाई. मनावर घेऊ नको.'

तू 'बरं' म्हणालीस आणि ताटली उपडी ठेवलीस. मला वाटतं, तुमचं लग्न त्या ताटलीखाली संपलं. वर्षभर नुसतं नांदणं चाललं होतं. तू एप्रिलात बॅग घेऊन गेलीस, पुढल्या वर्षी ऑगस्टात दोघांनी मिळून फारकतीचा अर्ज केलात, ते सगळं मागाहूनचं. मी का नाही बोलले? नवसाचं कारण मी स्वतःला देत आले. ते खरं नाही. मला भीती वाटली की तू मला आई म्हणायची सोडशील. एवढ्यासाठी मी माझ्या पोराला तुझ्यापुढं दगड करून ठेवला.

आता गेल्या गुरुवारचं. वकिलाचा फोन आला, सोळाची तारीख पक्की म्हणून. मी भाकरी थापत होते. मी म्हणाले, 'हरी, ह्या खेपेला तरी सांग तिला. का आला न्हाईस ते. मीच सांगते म्हण तर.'

'काय सांगू? आईनं सोडलं न्हाई म्हणू? ती म्हणंल, तुला पाय नव्हते का? अन् आई, पाय होते.' मग म्हणाला, 'मी गेलो होतो.'

'कुठं?'

'नांदेडला. चार रविवार.'

रविवारी तो जादा तास आहेत म्हणून लातूरला जायचा. मी डबा भरून द्यायची.

'मग वर का न्हाई गेलास रं?'

'शपथ होती की तुझी. बिल्डिंगीच्या मागल्या अंगाला पाण्याच्या टाकीजवळ बसायचो. तिथून तिची खिडकी दिसते. तिकडं पाठ करून बसायचो.'

'पाठ करून?'

'ती खिडकीत आली तर तोंड दिसंल म्हणून.' मग तो हसला, आणि त्या हसण्याची मला भीती वाटली. 'दुसऱ्या रविवारी वरनं रडण्याचा आवाज आला. तिचाच. आवाज पण ऐकायचा न्हाई म्हणली होतीस. मी कानात बोटं घातली, आई. संध्याकाळच्या गाडीपर्यंत तसाच बसलो.'

तव्यावरची भाकरी कोळसा झाली. दोघांनाही उतरवायचं सुचलं नाही.

मी त्याचा हात धरून म्हणाले, 'सुटली रं शपथ, सुटली, सुटली.' तीनदा म्हणायचं असतं. तो म्हणाला, 'आता सुटून काय करू, आई?' आणि डबा घेऊन क्लासला गेला.

हे वाचून तू विरघळावंस म्हणून लिहिलं नाही, पोरी. तुला संताप येईल, यायलाच पाहिजे. तेहतीस वर्षांचा बाप्या, पोरांना विजेचे नियम शिकवतो, आणि बायको रडते तेव्हा कानात बोटं घालून बसतो! जिना तीन मजल्यांचा होता. माझी शपथ काही लोखंडाची नव्हती. मी मेले असते तर मेले असते. त्याची चूक त्याच्या पदरात आहे, ती मी झाकत नाही. पण तू म्हणतेस की तो आलाच नाही, त्याला तुझं काहीच वाटलं नाही. ते तसं नाही. ते माझं वाक्य आहे, त्याचं नव्हे. ते मी तुझ्या मनात घातलं आणि तेच धरून तू अर्जावर सही केलीस.

आमच्या काळी माया लपवली तर ती वाढते असं मला वाटायचं. लपवलेली बोरं सापडली तर गोड लागतात, हे खरं. पण ती ठेवली आहेत हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या लेखी ती दिवळी रिकामीच की. ह्यांच्या हातच्या बांगड्या मी भोगल्या, आणि तुझ्या केसांना पुसणारा हात मी काढून घेतला. नजर कुणाची लागली असेल तर माझीच.

मी म्हातारी आता काय मागू? समुपदेशनाच्या बाईंपुढं तू त्याला विचारलं होतंस, 'का नाही आलास?' आणि तो खाली बघत बसला, हे रेणुकादासरावांनी फोनवर सांगितलं होतं, लई चिडून. सोळाला पुन्हा एकदा विचार. एकदाच. हात जोडते, मनू, साहेबापुढं सही करायच्या आधी एकदा विचार. मी येणार आहे त्या दिवशी. हरिओम नको म्हणाला तरी पहिल्या गाडीनं येणार आहे आणि दारात बसणार आहे. तो बोलला तर मी गप्प. तो गप्प बसला तर मी बोलेन. शिपायानं हाकललं तर बाहेरून ओरडेन, चारचौघांत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला लाज वाटायची ती वाटून झाली.

ऐकून सही करावीशी वाटली तर कर. मी तुझ्या वाटेत पुन्हा येणार नाही, हाकेच्या अंतरावर सुद्धा दिसणार नाही. कुणी चांगला माणूस भेटला आणि तो भर रस्त्यात तुझा हात धरत असेल, तर धरू दे, कुणाला भिऊ नको. फक्त सही करताना 'हा मला टाकून बसला होता' असं मनात धरून करू नको. ज्यानं तुला टाकलं ते माणूस दाराबाहेर बसलेलं असेल. राग कमी पडला तर बाहेर ये आणि मला बोल. मी उठून जाणार नाही.

आणि सही नाही करावीशी वाटली, तर, पोरी, तुम्ही लातूरला राहा. दोन खोल्या बघा. मी बोलावल्याशिवाय येणार नाही.

खाली 'तुझी सासू' असं लिहीत नाही. 'आई' तर नाहीच.

तुम्हा दोघांच्या मधी उभी राहिलेली,
तारामती